अंगठा उमटत नाही, झोप लागत नाही, आणि घरचे म्हणतात पोराला तुझ्या जागेवर लाव

पहाटेची_पाळी
रविवार, रात्री ९.४०

नमस्कार. मी महापालिकेत सफाई कामगार आहे, कायम. शहराचं नाव लिहीत नाही, आमच्यात बातमी हजेरीच्या चौकीवर पोचायला वेळ लागत नाही. शिक्षण नववी. मोबाईलमध्ये बोलून लिहितेय, काही चुकलं तर समजून घ्या. मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत, पण त्या एकमेकीत अशा गुंतल्यात की एक सांगायला घेतली की दुसरी येतेच.

सासरे १९७२ च्या दुष्काळात जालन्याकडून शहरात आले. आधी नाक्यावर उभे राहायचे, मग झाडूकामाला लागले. त्यांच्या जागेवर आमचे मालक लागले. मालक २०१३ साली गेले, दारूनं लिव्हर गेलं होतं. त्यांच्या जागेवर मी लागले. तेव्हा मुलगा बारा वर्षांचा, मुलगी आठ. खोली तीच, सासऱ्यांना मिळालेली क्वार्टर. दहा बाय बारा, त्यातच मोरी, वर पोटमाळा. खिडकीची कडी सासऱ्यांनी स्वतः बसवलेली, ती अजून आहे. तीन पिढ्या राहिलो, पण खोली आमची नाही. ज्याच्या हातात खराटा त्याची खोली. खराटा सुटला की खाली करायची नोटीस.

आता मी ४६ ची आहे. उजवा गुडघा दुखतो, धुळीनं दम लागतो. रिटायर व्हायला अजून बरीच वर्षं आहेत. पण धाकटे दीर मागे लागलेत की मेडिकल अनफिट करून घे आणि पोराला लावून टाक. त्यांचंही चूक म्हणवत नाही. ते ठेकेदाराकडे ड्रेनेजला आहेत. त्यांना ना खोली, ना वारसा, चार दिवस आजारी पडले तर चार दिवसांचा पगार नाही. ते म्हणतात, "वहिनी, सगळं ठेक्यावर चाललंय. आहे तोवर पदरात पाडून घ्या. उद्या जागाच राहिली नाही तर पोरांना घेऊन कुठं जाणार?" सासूबाईंचं म्हणणं तेच. त्यांना या खोलीतच मरायचंय, असं त्या रोज एकदा तरी म्हणतात.

परवा मुलाला स्थळ आलं होतं. मुलीच्या मामांनी बसल्या बसल्या विचारलं, "मुलगा पर्मनंट आहे का?" भाऊजी म्हणाले, "होणार आहे, आईच्या जागेवर." मामा खूष झाले. बायोडेटात काय लिहायचं तेही तिथंच ठरलं, म.न.पा. कर्मचारी. काम कसलं हे त्यांनी विचारलं नाही, आम्हीही सांगितलं नाही. मी चहाचा ट्रे घेऊन उभी होते. ज्या कामावर माझं घर चाललं ते नाव घेण्यासारखं नाही, पण त्याच कामावर माझ्या पोराचं लग्न ठरणार, हे मला त्या वेळी गिळवलं नाही.

मुलगा २४ चा आहे, बी.कॉम. एका ट्रान्सपोर्टवाल्याकडे टॅलीवर बसतो, १४ हजार मिळतात. बँकेच्या परीक्षा देतो. दोनदा पूर्व परीक्षा निघाली, मुख्यला थोडक्यात राहिला. तो भांडला असता तर मला सोपं गेलं असतं. तो भांडतच नाही. म्हणतो, "आई, बास झालं तुझं. तू बस घरी, मी जातो." मागच्या आठवड्यात रात्री दिवा घालवला आणि पोटमाळ्यावरून त्याचा आवाज आला, "आई, गमबूट नऊ नंबरचे देतात का गं?"

मी झोपेचं सोंग घेतलं. उत्तर दिलं नाही. त्या रात्रीपासून मला नीट झोप नाही.

आता कामाचं. आमच्याकडे हजेरी अंगठ्यावर आहे. पावणेचारला उठते, साडेचारला पाणी येतं ते भरते, साडेपाचला चौकीवर. बारा वर्षं खराटा धरून माझ्या उजव्या अंगठ्याच्या रेषाच गेल्यात. टोक काचेसारखं गुळगुळीत, मधे दोन चिरा, त्यात काळं बसलेलं. ते घासून निघत नाही. मशीनला लावला की लाल दिवा लागतो आणि आतून बाईचा आवाज येतो, "प्लीज ट्राय अगेन." मी अंगठा पदराला पुसते. तोंडाची वाफ मारते. कुणी सांगितलं म्हणून रात्री खोबरेल लावून झोपले, त्यानं तर आणखीच घसरायला लागला. परत लावायचा, परत तेच. मग डावा. मागं वीस-पंचवीस जणांची लाईन असते. कुणी वाईट बोलत नाही, सगळे ओळखीचे आहेत, पण पाय वाजतात. मुकादम म्हणतात, "मावशी, बाजूला व्हा, शेवटी बघू." शेवटी म्हणजे सव्वासहा होऊन जातात आणि लेट पडतो. तीन लेट झाले की एक खाडा. मागच्या महिन्यात माझे चार दिवस असे गेले. चारही दिवस मी पूर्ण बीट, म्हणजे मला नेमून दिलेला भाग, झाडलेला आहे, मंडईची गल्लीसुद्धा.

पगार कागदावर ३८ हजार दिसतो. सोसायटीचं कर्ज, मालकांच्या आजारपणातलं जुनं, मुलीच्या नर्सिंगच्या फीचं नवं, असं कापून हातात १७ हजारांच्या आत येतात. त्यात चार खाडे म्हणजे घरात काय होतं ते ज्यांच्याकडे झालंय त्यांना सांगायला नको.

आता रात्री दोनला आपोआप डोळा उघडतो आणि कानात तोच आवाज येतो, प्लीज ट्राय अगेन. छाती धडधडते, जीभ कोरडी पडते, बोटांना मुंग्या येतात. पंधरा दिवसांपूर्वी बीटवरच असं झालं. हातगाडी धरून दुभाजकावर बसले. वाटलं आता मी मरते, आणि मी मेले तर मुलगा उद्यापासून याच रस्त्यावर. दहा मिनिटांनी उतरलं. एका शहाळंवाल्यानं पाणी दिलं. मी ते नुसतं तोंडात फिरवून थुंकलं, प्यायले नाही. आमच्या बीटवर बाईमाणसाला जायला जागा नाही, म्हणून अकरापर्यंत मी पाणी पीतच नाही. सवय झाली आहे.

तर विचारायचं असं. अनफिट करून घेऊन मुलाला लावणं बरोबर आहे का? खोली वाचवायचा दुसरा काही मार्ग असतो का? आणि हे जे रात्री होतं ते कुणाला दाखवायचं? मनाच्या डॉक्टरकडे गेले तर नोकरीच्या कागदावर लागतं का? बाईला वेड लागलं म्हणून उद्या तेच कारण काढतील, अशी भीती वाटते.

कंपॅक्टरवरचा
सोमवार, दुपारी ३.१५

ताई, मी तुमच्या मुलाच्या जागी होतो. साल २०११. बी.ए.चं दुसरं वर्ष चालू होतं, वडील ड्युटीवर असताना वारले, खोली जायची वेळ आली. मी आईला अगदी हेच म्हणालो होतो की मी जातो. आईनं मला विचारलं नाही की तुला खरंच चालेल का. विचारलं असतं तरी मी खरं सांगितलं नसतं, ही गोष्ट वेगळी.

मी मोटर लोडर आहे, म्हणजे कचरा दाबणाऱ्या गाडीत कचरा भरणारा, दुसऱ्या शहरात. पहिल्या दिवसाचं सांगतो, कारण ते कुणी सांगत नाही. गाडीच्या मागच्या पायरीवर उभा होतो. ड्रायव्हरनं दाब दिला आणि आतलं कचऱ्याचं पाणी उडून सरळ तोंडावर आलं. ओठावर आलं. मी दिवसभर थुंकत होतो. घरी आईनं वरण-भात वाढला, तो मला उचलवेना. दुसऱ्या दिवशी जुन्या माणसानं टपरीमागं नेलं आणि म्हणाला, एक घोट घे, वास जातो. त्याचा वाईट हेतू नव्हता. त्यालाही कुणी तरी असंच शिकवलं होतं. वास खरंच जातो. मग दुपारी दोनला सुटल्यावर दारूची एक क्वार्टर, मग सकाळी सहाच्या आधी एक. सहा वर्षं अशी गेली. बायको माहेरी गेली. पगाराचं एटीएम कार्ड सावकाराकडे पडून होतं, पगार झाला की तोच काढायचा आणि मला खर्चाला पैसे द्यायचा.

२०१८ ला मेहुण्यानं उचलून पुण्याला येरवड्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात नेलं. ३५ दिवस राहिलो. तिथं बायकांसाठी सहचरी म्हणून गट आहे, माझी बायको त्यात जाऊन बसायला लागली. मी सुधारलो त्याच्या आधी ती सुधारली असं मी म्हणतो, कारण तिनं माझ्या दारूचा हिशोब स्वतःच्या डोक्यावर घेणं बंद केलं. तेव्हापासून मी घेतलेली नाही.

तुमच्या मालकांचं लिव्हर गेलं म्हणालात म्हणून हे सगळं लिहिलं. मुलाला नोकरी लावा किंवा लावू नका, पण त्याचे वडील कशानं गेले आणि कुठून सुरुवात झाली हे त्याला एकदा बसवून सांगा. माझ्या वडिलांचं मला कुणी सांगितलं नव्हतं.

आणि एक करा. त्याला सुट्टीच्या दिवशी पहाटे सोबत न्या. झाडायला लावू नका, फक्त बघू द्या. चौकीपासून मंडईच्या गल्लीपर्यंत. पोटमाळ्यावर झोपून गमबूट डोळ्यासमोर येतात ते वेगळे असतात.

नोकरी घेतल्याचा मला पस्तावा नाही, हेही खरं लिहितो. माझी पोरगी इंग्रजी शाळेत आहे आणि डोक्यावर छप्पर आहे. पण तेव्हा मला सहा महिने थांबता आलं असतं, पदवी होऊन गेली असती. घाई सगळी नोटिशीच्या भीतीनं केली.

आस्थापना_निवृत्त
सोमवार, रात्री १०.०५

ताई, मी एका नगरपरिषदेच्या आस्थापना विभागात ३१ वर्षं होतो. वारसाच्या फायली हातावेगळ्या केल्यात, त्यामुळं थोडं खोलात लिहितो.

पहिलं अनफिटचं. ज्याला खरोखर काम होत नाही त्याच्यासाठी तो मार्ग आहे. पण घरच्यांच्या घाईखातर त्या वाटेनं जाऊ नका. एकदा अपात्र ठरलात की परत येणं नाही. आणि हाताशी काय येणार ते बघा. राज्यात १ नोव्हेंबर २००५ नंतर नोकरीला लागलेल्यांना जुनी पेन्शन नाही, अंशदानाची, म्हणजे पगारातून दरमहा पैसे कापून साठवायची योजना आहे. तुम्ही २०१३ च्या, म्हणजे बहुधा त्यातच. सासूबाईंना आठवत असेल ती सासऱ्यांची पेन्शन तुम्हाला मिळेल असं धरून घरात हिशोब चालला असेल तर तो आधी थांबवा. आज बाहेर पडले तर ग्रॅच्युइटी किती, खात्यात जमा किती, सोसायटीचं बाकी कर्ज त्यातून वळतं होणार का, हे खात्याकडून कागदावर घ्या. तोंडी सांगितलेला आकडा धरू नका.

दुसरं वारशाचं. लाड आणि पागे समितीच्या शिफारशींवरून सफाई कामगाराच्या वारसाला नोकरी देण्याची ही पद्धत चालत आली, आणि २४ फेब्रुवारी २०२३ च्या शासन निर्णयानं ती एकत्र करून नव्यानं मांडली. पुढं त्या निर्णयावरचा वाद उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापुढंही गेला होता, म्हणून उद्या हे मिळेल की नाही ही भाऊजींची भीती आणि घाई मला समजते. पण तुमच्या घरी कुणाच्या लक्षात आलेलं दिसत नाही ते हे की हा हक्क कामगार मरण पावल्यावर किंवा अनफिट झाल्यावरच मिळतो असं नाही, निवृत्तीनंतरही मिळतो. आणि वारस म्हणजे मुलगाच असं नाही, मुलगीही असू शकते. तुमची मुलगी नर्सिंग करते, तिचं ती बघेल, पण फक्त पोराच्या डोक्यावर हे एकट्याचं ओझं आहे असं समजू नका. वारसाच्या वयाची मर्यादा तुमची महापालिका किती धरते, अर्जाची मुदत किती, क्वार्टर वारसाच्या नावे होते का आणि मधल्या काळात राहू देतात का, हे चार प्रश्न एका अर्जात लिहून द्या. उत्तर लेखी मागा. हे कळल्याशिवाय कुठल्याही कागदावर सही किंवा अंगठा नको, मग समोर भाऊजी असोत नाही तर ओळखीचा एजंट.

तिसरं त्या मशीनचं. मला सगळ्यात राग याचा आला. खराटा धरून रेषा झिजल्या, म्हणजे कामानंच झिजल्या. उद्याच अर्ज द्या: बोटांचे ठसे उमटत नाहीत, म्हणून हजेरीपटावर सही घ्यावी किंवा चेहऱ्याची हजेरी लावावी, आणि अमुक तारखांचे खाडे रद्द करून पगार द्यावा. चारही तारखा लिहा. दोन प्रती काढा, एकीवर आवक-जावक विभागाचा शिक्का घेऊन घरी ठेवा. सोबत एखाद्या डॉक्टरचं अंगठ्याच्या चिरांबद्दल दोन ओळींचं प्रमाणपत्र जोडलंत तर बळ येतं. रोज बीटवर पोचल्यावर मोबाईलवर वेळेसकट एक फोटो काढत चला. हे तुमचं एकटीचं दुखणं नाही. चौकीवर विचारा, आणखी पाच-सहा जण निघतील. सगळ्यांचा अर्ज एकत्र गेला तर मुकादमालाही वर सांगायला सोपं जातं, त्याच्यावरही वरून दाब असतोच.

भाऊजींसाठी दोन ओळी, कारण ते चेंबरमध्ये उतरत असतील तर मला त्यांची काळजी तुमच्यापेक्षा जास्त वाटते. २०१३ च्या कायद्यानं साधनांशिवाय माणसाला गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये उतरवायला बंदी आहे. ठेकेदाराचा माणूस असला म्हणून ती सैल होत नाही. सर्वोच्च न्यायालयानं २० ऑक्टोबर २०२३ ला मृत्यूच्या भरपाईची रक्कम १० लाखांवरून ३० लाख केली. भरपाई घ्यायची वेळ कुणाच्याच घरावर येऊ नये, म्हणून त्यांना सांगा की झाकण उघडल्या उघडल्या कुणी "उतर" म्हटलं तर नाही म्हणायचं. आणि ठेक्यावरच्यांना काहीच मिळत नाही असंही नाही. मुंबईत कचरा वाहतूक श्रमिक संघानं वर्षानुवर्षं लढून २०१७ साली सर्वोच्च न्यायालयात २,७०० कंत्राटी सफाई कामगार कायम करून घेतले. ती माणसंही त्यांच्यासारखीच ठेकेदाराकडे होती. त्यांनी हजेरीचा, पगाराचा प्रत्येक चिटोरा जपून ठेवावा.

ओपीडीतली_सिस्टर
मंगळवार, सकाळी ७.२०

ताई, मी सरकारी रुग्णालयात मानसोपचार ओपीडीला स्टाफ नर्स आहे. तुम्ही सांगितलंत तसं सांगणाऱ्या बायका आमच्याकडे आठवड्याला येतात, आणि त्यात वेडी एकही नसते. छातीत धडधड, जीभ कोरडी, बोटांना मुंग्या, आता मरणार अशी खात्री आणि दहा-पंधरा मिनिटांत उतरणं, हा बहुतेकदा घबराटीचा झटका असतो. पण "बहुतेकदा" म्हणाले ते लक्षात घ्या. आधी शरीर तपासायचं. ईसीजी, बीपी, शुगर, हिमोग्लोबिन आणि थायरॉईड. तुमचं वय ४६ आहे, पाळीच्या तक्रारी असतील तर त्याही सांगा, लाजू नका. रक्त कमी असलं किंवा थायरॉईड बिघडलं असलं तरी अशीच धडधड होते. छातीत दुखणं हातात किंवा जबड्यात गेलं, घाम फुटला, तर मात्र मनाचं आहे म्हणून बसून राहायचं नाही, थेट अपघात विभागात.

नोकरीच्या कागदाचं विचारलंत. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात रुग्णाची माहिती गुप्त ठेवायचा हक्क लिहिलेला आहे. तुमच्या परवानगीशिवाय डॉक्टर ती तुमच्या खात्याला कळवू शकत नाहीत. केसपेपर तुमच्या पिशवीत राहतो.

लगेच जायला जमत नसेल तर १४४१६ वर फोन करा. टेलि-मानस ही सरकारी सेवा, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. रात्री दोनला जाग येते म्हणालात, तेव्हाही तिथं माणूस असतो. शेजारणीची झोपेची गोळी कृपा करून घेऊ नका.

आणि ते पाण्याचं. अकरापर्यंत पाणी न पिता उन्हात झाडणं, हे मी वाचलं आणि थांबले. लघवीला जळजळ, कंबरदुखी असेल तर तीही तपासून घ्या. कोरडं पडलेलं शरीर आणखी धडधडतं. बीटवर रोजच्या ओळखीचं एखादं दुकान, दवाखाना, शाळा असेल तर त्यांना सरळ विचारा. नाही म्हणणारे भेटतील, पण एक तरी हो म्हणेल. चौकीवर स्वच्छतागृहाची मागणी त्या अंगठ्याच्या अर्जासोबतच लिहून टाका.

आठवीची_बाई
मंगळवार, रात्री ११.३०

मी सफाई कामगाराची मुलगी. आज जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. पप्पा कामावरून आले की बाहेरच्या नळावर लाईफबॉयनं दोनदा अंघोळ करायचे आणि त्याशिवाय आम्हाला जवळ घ्यायचे नाहीत. मी त्यांना बिलगायला पळायचे आणि ते हात वर करून मागं सरकायचे. मला वाटायचं पप्पांना मी आवडत नाही. दहावीला असताना कळलं.

ताई, तुम्ही मुलापुढं झोपेचं सोंग घेतलंत, ते का घेतलंत हे मला कळतं. पण त्यानं ती शांतता कशी ऐकली असेल सांगता येत नाही. कदाचित त्याला वाटलं असेल, आईला हे चालणार आहे. भाऊजी आणि आजी समोर नसताना त्याच्याशी बोला. घरात नको, घरात पोटमाळ्यापासून मोरीपर्यंत सगळं ऐकू जातं. बाहेर न्या.

पहाटेची_पाळी
दोन आठवड्यांनी, रविवार, दुपारी १२.५०

सगळ्यांना हात जोडून नमस्कार. तुम्ही माझ्यासाठी एवढं लिहिलंत. मुलीनं मला दोनदा वाचून दाखवलं. कंपॅक्टरवाल्या दादांचं वाचताना ती रडली, तिचे पप्पा तिला आठवले.

सिस्टर, मी गेले होते. ईसीजी चांगला आहे. हिमोग्लोबिन ८ निघालं, थायरॉईडचा रिपोर्ट यायचाय. लोहाच्या गोळ्या दिल्यात. मग त्यांनीच वरच्या मजल्यावर मनाच्या डॉक्टरीणबाईंकडे पाठवलं. त्यांनी वीस मिनिटं ऐकून घेतलं. एवढा वेळ माझं कुणी ऐकलं नव्हतं. श्वास कसा सोडायचा ते शिकवलं, एक गोळी दिली, पंधरा दिवसांनी बोलावलंय. रात्री अजून जाग येते, पण रोज नाही. पाण्याचं, बीटवरच्या एका दाताच्या दवाखान्यातल्या पोरीनं साडेनऊला दार उघडल्यावर येत जा म्हणून सांगितलं. आता मी बाटली सोबत नेते.

अर्ज दिला. चौकीवर विचारलं तर आम्ही नऊजण निघालो. दोन पुरुष, सात बायका. शिक्का मारून प्रत घेतली. दहा तारखेपासून आमच्या सह्या हजेरीपटावर घेतात. चार खाड्यांचं अजून काही कळवलेलं नाही. ते पैसे मी सोडणार नाही.

मुलाला मागच्या रविवारी पहाटे सोबत नेलं. तो लांबून चालत होता, मग मंडईच्या गल्लीत गाडी धरायला पुढं आला. मी नको म्हटलं, ऐकलं नाही. वरच्या एका गॅलरीतून पिशवी पडली, माझ्यापासून हातभर लांब, डायपर फुटून पसरला. त्यानं वर बघितलं. मी पत्र्यानं उचललं आणि पुढं गेले, मला त्यात काही वाटलं नाही, पण त्याचं तोंड बघून मला कळलं की मला काही वाटत नाही हेच त्याला बघवत नाहीये. नंतर टपरीवर चहा घेतला. मी म्हटलं, "नऊ नंबरचे मिळतात. त्या रात्री मी जागी होते." तो बराच वेळ कपाकडे बघत होता. मग म्हणाला, "आई, या वर्षीची परीक्षा देऊ दे मला. ती झाली की मग विचार." एवढ्या महिन्यांत त्यानं स्वतःसाठी मागितलेली ही पहिली गोष्ट. त्याच्या पप्पांचंही मी तिथंच सांगितलं, सगळं.

मी हो म्हटलंय. भाऊजी बोलत नाहीत सध्या. सासूबाई जेवताना तोंड फिरवून बसतात. स्थळवाल्यांचा परत फोन आला नाही. भाऊजींना चेंबरचं सांगितलं, त्यावर मात्र ते काही म्हणाले नाहीत, नुसती मान हलवली.

आस्थापनावाले दादा, ते चार प्रश्न लिहून द्यायचे म्हणालात, वय, मुदत, खोली आणि मधला काळ. त्या अर्जाचा नमुना तुमच्याकडं असेल तर इथं टाका. गुरुवारी मला सुट्टी आहे, त्या दिवशी मुलीला घेऊन खात्यात जाते.